तिसऱ्या खुर्चीचं बिल

प्रिय,

'प्रिय'च्या पुढची जागा चुकून कोरी राहिलेली नाही. तिथे काय लिहावं ते ठरेना. सगळं हॉस्पिटल तुला ताई म्हणतं. मोठे डॉक्टर म्हणतात, लिफ्टवाला म्हणतो, तुझ्या आजोबांच्या वयाचे पेशंट काठी टेकत येतात तेही ताईच म्हणतात. मी मात्र बिलिंगमध्ये लागल्यापासून तुला कधीच काही म्हटलेलं नाही. अहो, ऐका ना, जरा एक मिनिट, नाहीतर दारात उभं राहून खोकायचं, एवढ्यावर मी इतके दिवस निभावून नेलं. हे तुझ्या लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे. मेट्रनबाईंच्या आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं होतं, काय रे तडतड्या, ताई म्हणायला तुझी जीभ झडते का? मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. आणखी एक सांगून ठेवतो. समोर मी तुला तुम्ही म्हणतो, तू मला अरे-तुरे करतेस. कागदावर मी तू म्हणणार आहे. राग आला तर इथेच घडी घालून ठेव, पण मग शिंपीकाकांचं काय झालं ते कळायचं राहील.

ते आता बरे आहेत. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. तू रजा टाकून भावाकडे गेलीस आणि हॉस्पिटलचा फोन उचलणं बंद केलंस. बरोबर केलंस. मी असतो तर फोन भिंतीवर फेकला असता. पण तुझ्यामागे इथे बरंच घडलं आहे आणि ते मी ओळीनं सांगणार आहे. ओळीनं सांगायची सवय मला हल्लीच लागली, तीही तुझ्या एका वाक्यामुळे. त्यामुळे तुला माहीत असलेलंही मध्ये येईल. सहन कर.

मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं हे तुला माहीत आहे. सोडलं म्हणजे काय, तर प्रयोगशाळेत सरांनी मला कॉपी केली म्हणून उभं केलं, मी केली नव्हती, मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी जाऊन दोन शब्द बोललो असतो तर मिटलं असतं. मी गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि मग जायची लाज वाटायला लागली. शेवटी मावशीच्या यजमानांनी ओळख काढून मला बिलिंगमध्ये चिकटवलं. वडिलांना हायसं वाटलं. काचेच्या मागे बसेल, कुणाच्या अंगावर जाणार नाही, असा त्यांचा अंदाज. काचेला खाली पैसे सरकवायला फट असते आणि तिच्यातूनही भांडता येतं, हे त्यांना कोण सांगणार?

तुझ्या खोलीत मी पहिल्यांदा आलो तो बिलाच्याच कामाला. एक्स-रेच्या पुढे, धुतलेल्या चादरींच्या खोलीला लागून असलेली ती खोली मी तोवर स्टोअर समजत होतो. आत टेबल, वजनकाटा, भिंतीवर तळपायाचं चित्र, सुई टोचायच्या सरावासाठी टोपलीत सुकत चाललेली संत्री आणि तीन खुर्च्या. पेशंटला एकट्याला समोर बसवून शिकवल्याचं बिल लावायचं तर डॉक्टरांची आधीची चिठ्ठी लागते, सुरू आणि संपल्याची वेळ लागते, काय शिकवलं आणि पेशंटनं ते स्वतः करून दाखवलं की नाही, तेही लागतं. शिकवणारी डॉक्टर नसली तरी चालतं, नर्स चालते, आहारवाली चालते, चिठ्ठी मात्र डॉक्टरांचीच हवी. तुझ्या कागदावर संपल्याची वेळ नव्हती. ती विचारायला मी आलो. दुसऱ्या दिवशीही नव्हती. पुढे पुढे ती बहुतेक रोजच नसायची आणि मी जिना दोन-दोन पायऱ्या चढून यायचो. पेशंटच्या पोटावर सुई काल कुठे टोचली होती हे जिच्या लक्षात राहतं, ती घड्याळात बघायला रोज कशी विसरते, असा प्रश्न मला अलीकडे पडतो. त्याचं उत्तर मी माझं मी देणार नाही.

वेळ लिहून होईपर्यंत मी दाराशी उभा राहायचो, आणि तुला शिकवताना पाहिलं की कॉलेजात मला कुणी काही शिकवलंच नव्हतं असं वाटायचं. समजलं का, असं तू कुणालाच विचारायची नाहीस. एकदा म्हणालीस, समजलं का म्हटलं की माणूस मान हलवतो, आणि मान तर बैलही हलवतो. तू सिरिंज पेशंटच्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, आता मी पेशंट, तुम्ही मला शिकवा. शिंपीकाका मला तेव्हाचे आठवतात. डोळ्यांत साखर उतरलेली, कापड बोटांनी ओळखायचे, पण सिरिंजवरच्या रेघा काही बोटांना लागत नाहीत. काकूंना रेघा दिसायच्या, पण टोचायची वेळ आली की हात लटपटायचा. मग तू तिसरी खुर्ची ओढलीस, काकूंना बसवलंस आणि वाटणी करून दिलीस. भरायचं काकूंनी, टोचायचं काकांनी. त्यावरून त्यांचं जे सुरू झालं! काका म्हणाले, हिनं माप घेतलेली झबली मी बघितली आहेत, ही मला काय मापात औषध देणार. काकू म्हणाल्या, टोचायचं काम तुम्हालाच शोभतं, लग्न झाल्यापासून तेच करताय. तू हसलीस आणि कागदावर जसं झालं तसं उतरवलंस: इन्सुलिन पत्नीने भरले, रुग्णाने स्वतः टोचले, दोघांनी मिळून न चुकता करून दाखवले.

त्या ओळीवर विमा कंपनीनं बोट ठेवलं. शिकवणीला दोन माणसं होती, सबब हे वैयक्तिक शिक्षण नाही, नामंजूर. मग त्यांनी तुझे मागचे सगळे कागद मागवले. कुणाबरोबर सून होती, कुणाबरोबर बहीण, कुणाबरोबर शेजारीण. तू प्रत्येकाची नोंद केलेली. निम्म्याहून जास्त बिलं परत आली. आमच्या हेडसाहेबांनी तुला बोलावलं तेव्हा मी पलीकडच्या टेबलावर होतो. ते काही वाईट बोलले नाहीत, खरं तर गोडच बोलले. खोटं लिहा असं कोण म्हणतंय ताई, फक्त कमी लिहा. सोबत कोण होतं ते गाळायचं, बस. तू म्हणालीस, उद्या मी नसेन, दुसरी कुणी सिस्टर हा कागद बघून काकांना एकट्याला सिरिंज देईल. हेडसाहेब म्हणाले, तेवढं होत नाही हो. तू उठलीस आणि खोलीत गेलीस. त्यांनी शिपायाकडून तिसरी खुर्ची बाहेर काढायला लावली, तू ती आत आणलीस. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. आठवडाभर ती खुर्ची व्हरांड्यात ये-जा करत होती. शेवटी त्यांनी खोलीलाच कुलूप लावलं आणि तुला वॉर्ड ड्युटी दिली.

त्या दिवशी मी काय केलं ते तुला माहीत आहे, अख्ख्या मजल्याला माहीत आहे. हेडसाहेबांना मी नको ते बोललो, फाइल फेकली, विमा कंपनीच्या माणसाला फोनवर त्याच्या घराण्यासकट झोडपलं आणि मग छाती फुगवून तुझ्याकडे आलो. मला वाटलं, तू निदान पाणी तरी देशील. तू कपाटातलं सामान खोक्यात भरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, माझ्या नावानं भांडू नकोस. भांडायचंच असेल तर नियमाशी भांड, आणि त्याआधी तो वाच. मी विचारलं, तुम्ही परत येणार ना? तू म्हणालीस, भावाच्या गावी इन्सुलिनच्या पेनवाल्या कंपनीत जागा आहे, तिथे कुणी खुर्च्या मोजत नाही. खोक्याला दोरी बांधलीस आणि गेलीस. गाठ बांधताना बोट तरी धरायला हवं होतं, एवढंच डोक्यात येत राहिलं.

नियम मी लगेच वाचला, असं सांगितलं तर खोटं होईल. मी रुसून बसलो होतो. पण काही दिवसांनी माझ्या टेबलावर एक भरतीचं बिल आलं. शिंपीकाकांचं. तुझी शिकवणी नामंजूर झाली म्हणून तू गेल्यावर त्यांना पुन्हा छापील पत्रक देऊन वॉर्डात एका नव्या सिस्टरनं शिकवलं होतं, आणि वैयक्तिक म्हणून काकूंना बाहेर बसवलं होतं. काकांना वाटलं, हीच आता रीत असेल. घरी गेल्यावर त्यांनी काकूंना हात लावू दिला नाही. एके दिवशी अंदाजानं भरलं, जास्त भरलं गेलं, साखर एकदम उतरली आणि ते दुकानात कापायच्या टेबलाखाली घामानं भिजलेले सापडले. मी वॉर्डात जाऊन बघून आलो. काकू उशाशी होत्या, तोंडानं बोलणी चालू आणि हातानं त्यांचे पाय दाबणं चालू. त्या भरतीचं बिल कंपनीनं एक शब्द न विचारता मंजूर केलं. शिकवणीला नाही, बेशुद्ध पडण्याला मात्र हो. मला नेहमीसारखा राग आला, पण या वेळी तो डोक्यात चढला नाही. पोटात उतरून बसला. मी हेडसाहेबांकडे गेलो आणि नियमांचं पुस्तक मागितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, म्हणाले, फेकायला? मी म्हटलं, वाचायला.

वाचलं तर त्यात खोलीत किती माणसं असावीत याबद्दल काहीही नाही. शिकवण एका रुग्णासाठी हवी, एवढंच आहे. दोन पेशंट एकत्र बसवले तर तो गट. पेशंटला स्वतःला जमणार नसेल तर त्याची काळजी घेणाऱ्याला सोबत बसवता येतं, अगदी स्पष्ट लिहिलं आहे. अट एकच, कुणाला आणि का बसवायचं हे डॉक्टरांनी चिठ्ठीत आधी लिहायला हवं. मग मी तुझ्या सगळ्या शिकवण्यांना लावलेल्या चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकीवर एकच शब्द, शिकवा, आणि खाली कोंबडीच्या पायांची सही. तुझ्या नोंदी चोख होत्या, पण चिठ्ठीवर त्यांना टेकायला जागाच नव्हती. रागावणार नसशील तर म्हणतो, हे तूही डॉक्टरांकडून मागून घ्यायला हवं होतंस. पण तू कुणाकडे काही मागतच नाहीस.

मोठ्या डॉक्टरांना मी पाच वेळा भेटलो. पहिल्या चार वेळा त्यांनी मला जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि हात धुताना ऐकून घेतलं, म्हणजे ऐकलं नाही. पाचव्या वेळी मी काही न बोलता काकांचं भरतीचं बिल आणि त्यांची ती 'शिकवा' चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी दोन्ही बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, मला वाटायचं ताई बघून घेतील. त्यात तुझी तक्रार नव्हती, स्वतःचीच होती. विमा कंपनीकडे करायच्या अपिलावर सही द्यायला तयार झाले आणि तपासणीला मी स्वतः येतो म्हणाले. हेडसाहेबांना मी विचारलंच नाही, सांगितलं. ते म्हणाले, हरलास तर तुझी खैर नाही. आणि मग पुढे दोन दिवस बसून माझी भाषा सुधारून दिली, हेही खरं.

कंपनीकडून तपासणीला बाई आल्या. सर्दीनं बेजार, नाकाला रुमाल, पण नजर अशी की कागद उलटा धरला तरी वाचतील. बरोबर टिपणं घेणारा मुलगा. तुझीच खोली उघडून बसवलं होतं. डॉक्टर, मेट्रनबाई, हेडसाहेब, मी आणि शिंपीकाका-काकू. बाईंनी आधी काकूंना बाहेर पाठवून काकांना एकट्याला भरायला सांगितलं. काकांनी सिरिंज नाकाला लावली, उजेडाकडे धरली, शेवटी खाली ठेवली. मग काकूंना आत बोलावून काकांना बाहेर पाठवलं. काकूंनी बरोबर भरलं, पण संत्र्याला टोचायलाही त्यांचा हात उचलेना. मग दोघांना एकत्र. तू शिकवलंस तसंच्या तसं त्यांनी केलं, मध्ये एकदा काका म्हणाले, नीट बघ गं, आणि काकू म्हणाल्या, तुम्ही गप्प बसा. बाईंनी विचारलं, म्हणजे दोघांना वेगवेगळं शिकवलं ना? काका म्हणाले, बाई, चाळिशी लागल्यापासून माझ्या सुईत दोरा हीच ओवते. कपड्याची शिलाई देताना कुणी आम्हाला दोन शिंपी म्हणून मोजलं नाही. बाई हसल्या, पण लगेच डॉक्टरांकडे वळल्या. चिठ्ठीत हे का नाही? डॉक्टर म्हणाले, माझी चूक. तोंडी सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, तोंडीला आम्ही पैसे देत नाही.

निकाल सांगतो. ज्या पेशंटच्या डोळ्यांचं किंवा हाताचं दुखणं डॉक्टरांच्या केसपेपरवर आधीच नोंदलेलं आहे, त्यांची बिलं मंजूर. बाकीची गेली ती गेली. यापुढे डॉक्टरांनी कुणाला बसवायचं आणि का, एवढी ओळ लिहिली की शिकवणीला आडकाठी नाही, मग खोलीत सून बसो की शेजारीण. पूर्ण जिंकलो असं म्हणता येणार नाही. पण खोली सोमवारी सकाळी उघडते आहे, तुझ्या नोंदींतला एक शब्दही न गाळता. मेट्रनबाईंनी तुझ्या वॉर्ड ड्युटीचा कागद रद्द करून घेतला आहे. पेनवाल्या कंपनीला होकार कळवण्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

आता जे सांगायचं आहे ते. निकाल सांगण्याआधी बाईंनी विचारलं होतं, हे अपील लिहिलं कुणी? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी नेहमी सगळ्यांना विचारतात तसा प्रश्न विचारला, शिकवणाऱ्या बाईंशी तुमचा काही संबंध? बिल बनवणारा आणि जिचं बिल तो बनवतो ती, यांच्यात नातं असू नये असा नियम आहे, तोही मी वाचला होता. मेट्रनबाई मांडीवरच्या रुमालाकडे बघायला लागल्या. हेडसाहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. नाही म्हटलं असतं तर खोटं ठरलं नसतं. नातं नाहीच. कमी बोलायचं, बस. पण मघापासून आम्ही तिथे बसून एकच गोष्ट पटवत होतो, की ही बाई अडचणीचं असलं तरी सगळं लिहिते. मी म्हटलं, नातं नाही, पण माझं त्यांच्यावर प्रेम आहे. त्यांना मी सांगितलेलं नाही आणि त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. टिपणं घेणाऱ्या मुलाचं पेन थांबलं. मॅडम, हे लिहायचं का? बाई नाक पुसत म्हणाल्या, संबंध आहे एवढंच लिही. काकू म्हणाल्या, मला तर केव्हाच माहीत होतं, आणि काका म्हणाले, तुला सगळंच माहीत असतं. त्यानंतर बाईंनी माझ्या हातची सगळी बिलं दुसऱ्या क्लार्ककडून मूळ कागदांशी ताडून घेतली. एकही चुकलेलं निघालं नाही, तेव्हाच निकाल दिला. पण तुझ्या बिलांना यापुढे माझा हात लागायचा नाही, ही अट आहे, आणि ती रास्त आहे. हेडसाहेबांनी मला भरतीच्या खिडकीवर जागा देऊ केली. मी नको म्हटलं. हे पत्र मी कॉलेजच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून लिहितो आहे, प्रवेशाचा क्लार्क जेवायला गेला आहे. मघाशी त्या सरांना भेटून आलो. ते माझा चेहरा विसरले होते, वही आपटलेली विसरले नव्हते. दुसरं वर्ष पुन्हा करावं लागेल, माझ्याहून लहान पोरांबरोबर. करीन.

सोमवारी तू आलीस तर गेटपासून एक्स-रेपर्यंत जो भेटेल तो तुझ्याकडे एक क्षण जास्त बघेल, आणि तुला कारण कळणार नाही. जे लिफ्टवाल्यालाही ठाऊक आहे ते तुला उंबरा ओलांडण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. खरं तर तुला पहिल्यांदा कळायला हवं होतं. तू शेवटची ठरलीस याचं वाईट वाटतं, बोललो त्याचं वाटत नाही. एवढंच मागतो, की दोन गोष्टी एकत्र करू नकोस. खोलीला हो म्हणालीस तर तो मला होकार धरणार नाही, आणि मला नकार द्यायचा असेल तर त्यासाठी खोली सोडू नकोस. मी त्या मजल्यावर नसेन, दारात खोकायलाही येणार नाही. बाहेर व्हरांड्यात सोमवारसाठी आताच नावं लागली आहेत आणि त्यांना शिकवणारं दुसरं कुणी नाही, म्हणून तू ये. माझं उत्तर सवडीनं दे. वाट बघणं मला येत नाही, पण कॉलेजची दोन वर्षं आहेत, तेवढ्यात तेही शिकेन.

तुझाच, हे आता खोलीभर माणसांना माहीत आहे,
तडतड्या